वाढता सदरा

ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. काय खावं, काय टाळावं हेही नाही, ते सोसायटीतला प्रत्येक माणूस तुम्हाला लिफ्टमध्ये सांगणारच आहे. आजारपणाच्या त्या महिन्यांत मी एक कादंबरी वाचली. मला मुळीच न आवडणाऱ्या प्रकारची. ती पुरी करायचीच, या हट्टापायी मी कितीतरी वेळा अंथरुणातून उठून बसले, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी शैला. दिल्लीत एका मंत्रालयात फायली पुढे सरकवण्यात माझी उमर गेली. फाईलवर जे नाही ते तोंडी बोलायचं नाही आणि जे आहे त्यात पदरचं घालायचं नाही, ही माझी सवय. घरच्यांना ती जाचते. आजारपणात तर फारच जाचली.

घबराने की कोई बात नहीं

मानेच्या बाजूला गाठ आली होती. मी तिला बरेच दिवस उशीची चूक म्हणत होते. मग तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि एका सकाळी डॉक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "देखिए, घबराने की कोई बात नहीं है." दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की हे वाक्य ऐकलं की घाबरायची वेळ झालेली असते.

कॅन्सर होता. मानेत एक आणि छातीत आत आणखी. बरा होणाऱ्यांपैकी आहे, असं डॉक्टर म्हणाले. अर्धी औषधं झाली की स्कॅन करू, गाठ आक्रसली असेल तर हेच औषध पुढे चालू, वाढली असेल तर वेगळा विचार करू, असंही म्हणाले. तेवढं एकच वाक्य मी घरी घेऊन आले. आक्रसली की वाढली. बाकी सगळं मिलिंदने लिहून घेतलं.

मिलिंद माझा नवरा. हॉस्पिटलातून निघालो तेव्हा तो म्हणाला, "सरोजिनीला जाऊ या? पुढून बटणं असलेले शर्ट घ्यायला सांगितलेत ना?" सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला, मुलगी तिथेच वाढली. नोएडाला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी कपडे म्हटलं की पाय तिकडेच वळतात. मी एका ढिगातून दोन सुती शर्ट काढले, सैल, पुरुषी मापाचे. दुकानदाराने भाव सांगितला आणि मिलिंदने पाकीट काढून दिले पैसे. घासाघीस नाही, "भैया, ठीक लगाओ" नाही, निघून जायचं नाटक नाही. याच बाजारात एका रुमालासाठी पाऊण तास हुज्जत घालणारा हा माणूस. तो किती घाबरलाय ते मला तिथे, त्या गर्दीत, पिशवी हातात घेताना कळलं. डॉक्टरांसमोर मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं.

कपड्यांच्या दोरीचं चित्र

पहिल्या औषधानंतर चार दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. पाचव्या दिवशी म्हटलं, काहीतरी हलकंफुलकं वाचायला आणा. मिलिंद महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयातून एक जाड पुस्तक घेऊन आला. अनुवाद होता. मुखपृष्ठावर दोरीवर वाळत घातलेला एक सदरा. "घरगुती विनोदी दिसतंय," तो म्हणाला.

घरगुती होतं. विनोदी मात्र नव्हतं.

कुठल्याशा देशात, नाव दिलेलं नाही, धर्माच्या नावाने राज्य करणारी माणसं येतात. गाणं बंद होतं, बायकांचं बाहेर बसणं बंद होतं. एका घरातला बारा वर्षांचा मुलगा छपरावर बसून गातो म्हणून त्याला उचलून नेतात. पुढचं मला सगळ्यात भयंकर वाटलं. नेलेल्या माणसासाठी रडायला बंदी होते. त्याचे कपडे घरात ठेवायलाही बंदी. देवाने जे केलं त्यावर रडणं म्हणजे देवावर शंका, असा त्यांचा हिशेब. आई सगळं जाळते, पण एक सदरा ठेवते. दर आठवड्याला तो धुते, इतर कपड्यांमध्ये वाळत घालते. आणि तो सदरा वाढायला लागतो. बाहीने बोटभर, लांबीने दोन बोटं. आईला कळतं, पोरगा कुठेतरी आहे आणि मोठा होतो आहे.

मी पेन्सिल घेतली आणि समासात अगदी फिकट लिहिलं, "आधार काय?" ग्रंथालयाचं पुस्तक होतं, नंतर खोडलं. पण मला खरंच राग आला होता. कापूस वाढत नाही. मला भुतंखेतं, उडणारी माणसं, बोलणारी झाडं असलं कधी झेपलेलं नाही. पुस्तक मी पायथ्याशी फेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा उचललं, कारण गोष्टीत घरी तपासणीला येणारे लोक दोरीवरचे सदरे मोजून घरातल्या माणसांशी ताडून बघायचे आणि पुढच्या प्रकरणात ते येणार होते.

सांगायची गोष्ट अशी की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला उद्याचं काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

पॉझिटिव्ह

आमच्या घरातही एक फर्मान निघालं होतं. निघालं म्हणजे कुणी काढलं नाही, आपोआप लागू झालं. कॅन्सर म्हणायचं नाही, "ते" म्हणायचं. रडायचं नाही. "पॉझिटिव्ह राहायचं." मिलिंद सकाळी गव्हांकुरांचा रस घेऊन इतका हसत यायचा की मला तो ग्लास त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटे. सानिका, आमची मुलगी, गुरुग्रामला नोकरी करते. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी निम्मं हिंदीवर चालतं. ती मला जवळ घेऊन म्हणायची, "आई, यार, तू बिल्कुल ठीक होणार आहेस." आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. नळाच्या आवाजाला कुणी फसत नाही.

कराडहून माझी थोरली बहीण आली, आमची ताई. तिने तर शब्दांवरच पहारा बसवला. तांदूळ संपले म्हणायचं नाही. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, पण आता ताईने त्याची अंमलबजावणी पोलिसासारखी सुरू केली.

एकदा भांडी घासताना तिची काचेची बांगडी फुटली. आतून ओरडली, "अगंबाई, बांगडी वाढली!"

सानिका लॅपटॉपवरून म्हणाली, "वाढली? मतलब, मोठी झाली? कशी?"

ताईने कपाळावर हात मारला. "अगं, फुटली म्हणू नये. बांगडी वाढली म्हणायचं. दिवा विझला नाही, वाढला. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरात आजारी माणूस असताना तर वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाही."

"अच्छा! पण हे तर हिंदीत पण आहे ना," सानिका म्हणाली. "सरोजिनीमध्ये ते बूढ़े अंकल रात्री म्हणायचे, दुकान बढ़ा दी बेटा, कल आना. मला वाटायचं यांचं दुकान रोज मोठं कसं होतं."

आम्ही हसलो. मीही हसले, तोंडातले फोड दुखेपर्यंत. हा प्रसंग लक्षात ठेवा.

शेजारची खुर्ची

औषध चढवायच्या खोलीत ओळीने खुर्च्या होत्या. माझ्या शेजारी बहुतेक वेळा नसरीन असायची. ती अफगाणिस्तानातल्या हेरातची, माझ्याच वयाची. इलाजासाठी दिल्लीत आली होती आणि वहिनीबरोबर भोगलला खोली घेऊन राहत होती. हिंदी तिने तिकडे टीव्हीवरच्या पौराणिक मालिका पाहून उचललेलं. त्यामुळे ती नर्सकडे पाणी न मागता "जल" मागायची आणि आश्रम चौकात गाडी अडकली की येऊन सांगायची, "आज तो मार्ग में सर्वनाश था, बहन." केरळची ती नर्स तोंड फिरवून हसायची.

औषध चालू असताना आम्हाला चोखायला संत्र्याच्या बर्फाच्या कांड्या द्यायचे, तोंडात फोड कमी येतात म्हणून. दोन बायका, केस नाहीत, हाताला नळ्या, आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या पोरींसारख्या कांड्या चोखतोय. तुम्हालाही देतील. दुसरी मागून घ्या, नाही म्हणत नाहीत.

नसरीनने पुस्तकावरचं चित्र पाहून विचारलं, काय आहे. मी सांगायला लागले. मला वाटलं, हिला हे जवळचं वाटेल. सदऱ्यापाशी आल्यावर तिने हात वर केला.

"कमीज़ नहीं बढ़ती, बहन," ती म्हणाली.

"मैं भी यही कहती हूँ!"

"मेरे भाई को ले गए थे. फिर कोई ख़बर नहीं. उसकी कमीज़ छोटे भाई ने पहनी. फिर उससे छोटे ने. फिर फट गई, तो अम्मा ने पोंछा बनाया." तिने कांडी चोखली. "लिखने वाले के घर में बच्चे कम होंगे."

घरात रडायला बंदी आहे म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला त्या कादंबरीतल्या आईच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. ते खूळ तिथल्या तिथे उतरलं. माझ्याकडे घाबरलेला नवरा आणि गव्हांकुरांचा रस होता. तिच्याकडून माणूस नेला होता.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "फिर? गिनने वाले आए, तो क्या हुआ?"

तेव्हापासून आमची मालिका सुरू झाली. मी घरी वाचायचं आणि खुर्चीत बसून तिला हिंदीतून सांगायचं. जेवढं लिहिलंय तेवढंच, ही अट मी स्वतःच घातली. तीही कडक होती. "यह किताब में है, या तुम जोड़ रही हो?" असं मध्येच विचारायची. मी पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवायचे. तिला मराठी येत नव्हतं, पण बोट पाहून तिचं समाधान व्हायचं.

एका भागात तपासणीवाले येतात आणि विचारतात, हा सदरा कुणाचा. तोवर तो वाढून बरोबर बापाच्या मापाचा झालेला असतो. बाप पुढे होतो, सदरा अंगात घालतो, बटणं लावतो आणि उभा राहतो. सदरा ओला असतो, थंडी असते, तो थरथरत असतो. घाबरलाय म्हणून की ओल्याने, ते तपासणीवाल्याला कळत नाही. हे मी ओळ न ओळ सांगितलं. नसरीन खिडकीकडे बघत म्हणाली, "यह हो सकता है. यह वाला हो सकता है."

पिठाच्या डब्यामागे

मग एक दिवस पुस्तक सापडेना. पलंगाखाली नाही, गादीखाली नाही. उशाशी विनोदी कथांचा एक संग्रह ठेवलेला.

मिलिंदने माझ्या माघारी पुस्तक चाळलं होतं. विषय कळल्यावर तो हादरला. ताईशी मसलत करून त्याने ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे दडवलं. मला ते सापडलं, कारण ताईला खोटं बोलता येत नाही. मी "पुस्तक कुठाय" विचारलं की ती पिठाच्या डब्याकडे बघायची.

पिठाने पांढरं झालेलं पुस्तक हातात घेऊन मी बाहेर आले. पायात जोर नव्हता, पण रागाचा जोर वेगळा असतो.

"तुझ्या भल्यासाठीच ना," मिलिंद म्हणाला. "किती डिप्रेसिंग आहे ते. त्या पोराचं पुढे..."

"खबरदार शेवट सांगशील तर!"

"नाही सांगत. पण आत्ता कशाला, शैला? आत्ता पॉझिटिव्ह..."

"मागच्या वेळी डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं. का?"

तो जमिनीवर सांडलेलं पीठ पायाने गोळा करायला लागला.

"माझ्या शरीराचं बाहेर व्हरांड्यात बोलायचं. माझं पुस्तक पिठाच्या मागे. तुम्ही रडणार नळ सोडून. ज्याचा शेवट मला कळू नये असं तुम्हाला वाटतं, ते सगळं या घरात लपवलेलं असतं. मला नाही जगायचं असं. जगायचंय, पण असं नाही."

ताई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मिलिंद खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की मधल्या स्कॅनवर बरंच अवलंबून आहे, छातीतली गाठ वाढलेली निघाली तर पुढचा इलाज जड जाईल, मनाची तयारी ठेवा.

"बस? हे तर मला माहीत होतं," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं. लपवलेली गोष्ट मोठी वाटते, काढून टेबलावर ठेवली की तिचं माप कळतं.

त्या दिवसापासून डॉक्टर माझ्याशी माझ्यासमोर बोलले. आणि मी ऑफिसच्या बॅगेतून स्टेपलर काढला, कादंबरीचं शेवटचं प्रकरण तीन पिना मारून बंद केलं. घरच्यांना सांगितलं, हे शेवटच्या औषधाच्या दिवशी उघडणार, नसरीनसमोर, त्याच्या आधी नाही. कुणी उघडायचं नाही आणि मी मध्येच कुठे निघून जायचं नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकाला पिना मारल्याबद्दल मंडळाची माफी मागते.

सदरा थांबतो

थंडी आली. दिल्लीत थंडीत सगळेच मास्क लावून, डोकं गुंडाळून फिरतात, त्यामुळे माझं टक्कल आणि मास्क कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. दुपारी सोसायटीच्या बागेत उन्हाला बसायचे. बायका शेंगा सोलायच्या, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलायच्या, आणि मी आजारी आहे हे तासभर विसरायच्या. ते विसरणं मला औषधापेक्षा गुणकारी वाटायचं.

सरोजिनीचे शर्ट आता अंगावर लोंबत होते. खांदे दंडापर्यंत उतरलेले. आरशात बघून मी एकदा सानिकाला म्हटलं, "बघ, माझाही सदरा वाढतोय." तिला हसावं की रडावं कळेना. मग तिने दोन्ही केलं, माझ्यासमोर. नळ न सोडता.

वाचता वाचता मी पिनांच्या अलीकडच्या प्रकरणाशी आले. तिथे एका आठवड्यात सदरा वाढत नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आई वीतभर दोरा घेऊन रोज मापते. वाढ थांबलेली असते. पोरगा आता वीस-बावीसचा झाला असणार. म्हणजे तो पुरता वाढला म्हणून सदरा थांबला, की तो राहिलाच नाही म्हणून थांबला? विचारायचं कुणाला? प्रकरण तिथे संपतं.

मी पुस्तक मिटून मानेवर हात ठेवला. मी रोज आंघोळीनंतर बोटांनी हेच करत होते. वाढली का. थांबली का. तिला वाढ थांबल्याची धास्ती आणि मला वाढ चालू असल्याची, पण मापणारी बोटं सारखीच होती. त्या बाईला मी पहिल्यांदा पूर्ण ओळखलं. "आधार काय" असं विचारायची आता लाज वाटली.

नसरीनला हे सांगितलं. तिने पिनांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पिन निकालो."

"नहीं. आख़िरी दिन."

"तुम बहुत कठोर हो, बहन."

"हो, आहे," मी मराठीत म्हटलं.

गाठ वाढली

स्कॅनचा रिपोर्ट मिळणार त्या दिवशी सानिका माझ्याबरोबर होती. मिलिंदची रजा संपली होती, तो ऑफिसात. ताईने घरी देवापाशी समई लावली होती आणि मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती. सानिका खाली रिपोर्टच्या रांगेत गेली. मी वर बाकावर, मांडीवर पुस्तक.

फोन वाजला. मिलिंद. नुसताच श्वास.

"काय झालं?"

"शैला," तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. "सानिकाने ग्रुपवर टाकलंय."

"काय टाकलंय?"

"गाठ वाढली."

समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं. मी ते वाचत राहिले. तळवे, मग बोटांच्या मधल्या जागा. कानात मिलिंदचं रडणं येत होतं, मोठमोठ्याने, ऑफिसात, लोकांसमोर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मध्येच ताईचा फोन येत होता, कटत होता, परत येत होता.

खरं सांगते, मला मरणाची भीती वाटली. आणि बोटं आपोआप त्या पिनांकडे गेली. आता कशाला थांबायचं, निदान शेवट तरी वाचून घ्यावा. एक पीन नखाने अर्धी उचललीही.

मग मलाच माझा राग आला. शेवटच्या औषधाचा दिवस ठरला होता ना? गाठ वाढली असेल तर औषधही वाढेल, इलाज वाढेल, मग तो दिवस तेवढा पुढे जाईल. ठरलेलं रद्द कुठे होतं? मी अंगठ्याने पीन परत दाबून बसवली. अंगठ्यातून रक्ताचा थेंब आला.

"मिलिंद," मी म्हटलं, "रडून घे. पोटभर रड, तुला कुणी अडवत नाही. मग तोंड धू आणि इकडे ये. पुढचं औषध कुठलं आणि कधीपासून, ते आजच विचारायचंय. आणि माझ्यासमोर विचारायचंय."

"हो," तो हुंदके देत म्हणाला. "येतो, येतो."

तेवढ्यात जिना चढून सानिका आली. हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात चहाचे दोन कागदी कप, चेहरा दिवाळीसारखा. "आई! डॉक्टर खालीच भेटले. एक्सलंट रिस्पॉन्स म्हणाले! छातीतली जवळजवळ गायब, मानेतली पण... आई? तू अशी का बघतेस?"

"तू काय लिहिलंस ग्रुपवर?"

"गाठ वाढली," ती अभिमानाने म्हणाली. "मावशीने शिकवलं ना! फुटली, गेली, संपली असं घरात आजारी माणूस असताना म्हणायचं नाही. शुभ बोलायचं. म्हणून मी..." मग तिला माझा चेहरा वाचता आला. तिच्या हातातला चहा हिंदकळला. "ओह. ओह शिट. आई, सॉरी यार!"

मी तिला मारायला हात उचलला आणि तोच हात तिच्या गळ्यात पडला. दोघी इतक्या जोरात हसत-रडत होतो, की गार्ड येऊन म्हणाला, "मैडम, सब ठीक है ना?" फोनवर मिलिंद अजून होताच. "काय झालं? शैला? काय झालं?" मी म्हटलं, "अरे, बांगडीसारखी वाढली."

ताईला समजवायला मात्र बराच वेळ लागला. ती समईपुढे आडवी झाली होती आणि कराडपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना कळवून झालं होतं. पुढे दोन दिवस लोक फोन करून आधी सांत्वन करत होते आणि मग अभिनंदन.

त्या संध्याकाळी ताईने मऊ भात लावला. महिनोन् महिने माझ्या तोंडाला लोखंडाची चव होती, जेवण म्हणजे शिक्षा होती. ती माझ्या ताटासमोर पळी घेऊन उभी राहिली. वर तूप, मेतकूट. आणि सवयीने विचारलं, "वाढू?"

सगळे एकदम थांबले. मग सानिका फुसकन हसली, मिलिंद हसला, ताईही डोळे पुसत हसली. इतके दिवस मी या प्रश्नाला "थोडासाच" म्हणायचे. त्या दिवशी ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, "वाढ."

पाणी

शेवटच्या औषधाच्या दिवशी मी स्टेपलर उलटा धरून पिना काढल्या. नसरीनचा इलाज अजून संपलेला नव्हता. तिचा रिपोर्ट माझ्याइतका चांगला नव्हता, हे तिने मला साध्या आवाजात सांगितलं होतं. मी काही पॉझिटिव्ह बोलले नाही. तिच्या हातावर हात ठेवला. नर्सने दोन कांड्या आणून दिल्या.

प्रकरण छोटंसं होतं. मी एकेक ओळ वाचत हिंदीत सांगत गेले. आई म्हातारी झाली आहे. दोरा घेऊन मापणं तिने सोडलं आहे. सदरा आहे तेवढाच आहे. पण दर आठवड्याला ती तो धुते, कोणी घालत नसला तरी. इतकी वर्षं त्याचं पाणी स्वच्छच निघत आलं आहे, जसं ओतलं तसं. एका सकाळी ती सदरा बुचकळते, चोळते, पिळते, आणि बादलीत बघते. पाणी मळकट निघालेलं असतं.

तिथे पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं. नसरीनच्या कांडीचं पाणी होऊन मनगटावरून ओघळत होतं. आता ही म्हणणार, कमीज़ मैली नहीं होती, बहन. मी तयारीत होते.

तिने विचारलं, "बहुत मैला था?"

पुस्तकात फक्त मळकट एवढंच होतं. एकच शब्द. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं नाही, पान उघडून दाखव म्हणाली नाही.

"बहुत," मी म्हटलं. "तीन बार पानी बदलना पड़ा."

ती मान हलवत राहिली.

"हाँ," ती म्हणाली. "वह ऐसा ही था. कॉलर बहुत मैला करता था."